तसं काही नाही

(मुलुंड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्या बाई पालिकेच्या शाळेत मराठी शिकवत. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे. पण त्यांच्या कितीतरी विद्यार्थिनी पुढे माझ्या पेशंट झाल्या, आणि त्यांच्याकडून बाईंची एक सवय मला कळली. हजेरी घेताना बाई नुसतं ‘गैरहजर’ लिहून पुढे जात नसत. मुलगी सलग दोन दिवस आली नाही, की तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्या शेजारच्या चाळीतल्या मुलीला जवळ बोलावत आणि सांगत, “संध्याकाळी तिच्या घरी जाऊन ये. काय झालंय ते उद्या मला सांग.” या सवयीकडे मी शेवटी परत येणार आहे.

गेली ३४ वर्षं मी उपनगरात दवाखाना चालवते. तळमजल्यावरची एक खोली, बाहेर बाक, आत पडदा. या बाकावर मी सगळ्यात जास्त पाहिल्या त्या साठी-सत्तरीच्या बायका. पण त्या पेशंट म्हणून आलेल्या नसतात. कुणी नातवाला घेऊन येते, कुणी नवऱ्याची शुगर दाखवायला, कुणी सुनेच्या बाळंतपणाचे कागद घेऊन. दवाखान्यात सगळ्यात जास्त येणारी आणि स्वतःसाठी सगळ्यात कमी येणारी, अशी ही बाई. ती स्वतःचं दुखणं इतकं पुढे का ढकलते, हा आजचा माझा विषय आहे.

एका पावसाळ्यातली गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. अडुसष्ट वर्षांच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. त्याला खोकला होता. मी तपासलं, औषध लिहून दिलं. आजींनी पैसे दिले, नातवाच्या अंगात रेनकोट चढवला, दारापर्यंत गेल्या, एक पाय चपलेत घातला आणि वळल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, जरा एक विचारायचं होतं. तसं काही नाही.”

बाहेर दहा माणसं खोळंबली होती. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत अशा वेळी मी “उद्या या, सावकाश बघू” असं म्हणत असे. तो उद्या बहुतेक वेळा उजाडलाच नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. त्या दिवशी मी नातवाला बाहेर बाकावर बसवलं आणि आजींना पडद्याआड घेतलं. त्यांनी ब्लाउजची वरची दोन बटणं काढली. आत जुन्या वायलच्या साडीची चौकोनी घडी होती, स्वच्छ धुतलेली, कडा दुमडून शिवलेली. घडीखाली गाठ होती, आणि तिच्यावरची कातडी फुटली होती. ती घडी त्या रोज रात्री सगळे झोपल्यावर धूत आणि टॉवेलखाली वाळत घालत, म्हणजे सुनेच्या नजरेला पडू नये.

“किती दिवस झाले?” मी विचारलं.

त्यांनी एका दमात सांगितलं, “मागच्या गणपतीच्या आधी हाताला लागलं. म्हटलं, गणपती होऊ देत. मग धाकटीचं बाळंतपण आलं. मग मोठ्या नातवाची दहावी. मग ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन.”

अकरा महिने. त्यांना दिवस ठाऊक नव्हते असं नाही, एकेक दिवस मोजलेला होता. पुढे परळच्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, उपचार झाले आणि त्या चार वर्षं जगल्या. गाठ लहान असताना त्या आल्या असत्या तर उपचार सोपे झाले असते, आणि कदाचित वर्षंही वाढली असती.

अशा बाईला आपण पटकन ‘अडाणी’ म्हणून मोकळे होतो, किंवा ‘निष्काळजी’ म्हणतो. ज्या बाईला घरातल्या सहा माणसांच्या औषधांच्या वेळा तोंडपाठ आहेत, तिला निष्काळजी कसं म्हणायचं? आणि अडाणी म्हणाल, तर दुसरं उदाहरण देते. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली ही पहिली लेडीज स्पेशल लोकल धावली. त्या गाडीतून जाणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आणा. मंत्रालयातल्या, बँकेतल्या, विमा कंपनीतल्या, टेलिफोन खात्यातल्या. तेव्हा पस्तिशी-चाळिशीत होत्या, आज सत्तरीच्या आसपास आहेत. शिकलेल्या, स्वतःच्या नावावर पेन्शन असलेल्या, एके काळी ऑफिसात दहा माणसांवर देखरेख केलेल्या. त्यांच्यातल्याही कितीजणी माझ्याकडे उशिरा आल्या. तेव्हा नुसतं अज्ञान किंवा नुसती गरिबी हे उत्तर पुरत नाही.

माझं उत्तर थोडक्यात असं आहे. घराने तिला सगळ्यांच्या तब्येतीची राखणदार नेमलं, आणि राखणदाराची विचारपूस कुणी करायची हे ठरवायचं राहून गेलं. तिचा उशीर हा एक हिशोब आहे. ज्या घरात तिच्या आजारपणाला जागाच नाही, त्या घरात राहून तिने अगदी शहाणपणाने केलेला हिशोब.

तो हिशोब पाहायचा तर तिच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय पाहा. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेली ही दिनदर्शिका आपल्या घराघरांत खिळ्याला टांगलेली असते. तारखांच्या चौकटींत बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं : गॅस कधी लावला, दूध कधी आलं नाही, नातवाची लस, नवऱ्याची रक्ततपासणी, मुलाच्या विम्याचा हप्ता. उद्या सकाळी आपापल्या घरी तेवढंच पाहा, की या वर्षभरात एका तरी चौकटीत तिच्या स्वतःच्या तपासणीची तारीख आहे का.

पंगतीतही तिने हेच केलं आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल त्यात ती जेवते, आणि ‘मला पुरेल’ म्हणते. वर्षानुवर्षं असं म्हटल्यावर ते तिला खरंच वाटायला लागतं. अमर्त्य सेन यांनी आपल्या लेखनात एका पाहणीचा दाखला दिला आहे. बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, १९४४ मध्ये, कोलकात्याजवळच्या सिंगूरमध्ये लोकांना त्यांच्या प्रकृतीबद्दल विचारलं गेलं. विधुरांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपली तब्येत बरी नाही किंवा जेमतेम आहे, असं सांगितलं. विधवांमध्ये हे प्रमाण होतं अवघं २.५ टक्के. दुष्काळातून गेलेल्या विधवा विधुरांपेक्षा इतक्या निरोगी असतील हे कुणाला पटेल? दुखत नव्हतं असं नाही. आपलं दुखणं सांगण्याजोगं आहे, असंच त्यांना वाटत नव्हतं. ‘तसं काही नाही’ हे वाक्य तेव्हाही असंच म्हटलं गेलं असणार, त्यांच्या भाषेत.

आपल्या भाषेत या वागण्याला एक नेमका शब्दप्रयोग आहे : दुखणं अंगावर काढणं. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला. यात थोडं कौतुकही मिसळलेलं असतं. ‘आमची आई सगळं अंगावर काढायची, कधी झोपून राहिली नाही,’ असं आपण अभिमानाने सांगतो. हे कौतुक तिला महागात पडतं, कारण एकदा असा लौकिक झाला की तो सांभाळावा लागतो.

हाच ‘अंग’ शब्द तिच्या आणखी अवघड दुखण्यांतही येतो. अंगावरून पांढरं जातं. अंग बाहेर येतं. पाळी जाऊन बारा वर्षं झाली आणि परत अंगावरून लाल गेलं. इतक्या मोघम शब्दांत सांगायची वेळ येते, कारण शरीराच्या त्या भागाची नावं तिला घरात कुणी शिकवली नाहीत, आणि जी कानावर पडली ती शिव्यांमध्ये पडली. नावच उच्चारता येत नाही, तर तक्रार कशी सांगणार? त्यात समोर मुलाच्या वयाचा डॉक्टर, आणि सोबत सून किंवा नातू.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वासा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाचं लक्ष वेधलं गेलं. स्वतःहून तक्रार सांगितली ती निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांनी. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही निघालं. आणि त्याआधी आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. ही गोष्ट गडचिरोलीच्या खेड्यातली, असं म्हणून मुंबईकरांनी सुटकेचा श्वास टाकू नये. अंधेरीच्या आणि घाटकोपरच्या टॉवरमधल्या बायकांना मी विचारते, “याआधी आतून तपासणी कधी झाली होती?” उत्तर येतं, “धाकट्याच्या वेळी.” धाकटा आज बेचाळीस वर्षांचा असतो.

यात दोष तिचा एकटीचा नाही. आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने बाईला प्रामुख्याने आई म्हणून पाहिलं. गरोदरपणाची नोंद, प्रसूतिगृह, बाळाची लस, कुटुंबनियोजन. शेवटचं बाळंतपण झालं की तिला फारसं कुणी बोलावत नाही. मोजणीसुद्धा तशीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ज्या संस्थेमार्फत होते, ती आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था इथे जवळच, देवनारला आहे. या पाहणीत स्त्रियांची मुलाखत घेतली जाते ती १५ ते ४९ या वयात. २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के, स्तनांची तपासणी झालेल्या ०.९ टक्के. पन्नाशीच्या पुढची बाई या आकड्यांमध्ये नाहीच. पंचेचाळीशीपुढच्या सगळ्यांची देशव्यापी मोठी पाहणी याच संस्थेने केली, पण तिची पहिली फेरी झाली २०१७-१८ मध्ये. घरच्या पंगतीत ती शेवटी बसत होती, देशाच्या पंगतीतही तिचा नंबर शेवटीच लागला.

आता भीतीबद्दल. ‘बायका डॉक्टरला घाबरतात’ असं म्हणतात. कशाला घाबरतात हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. मरणाची भीती त्यात फारशी नसते. “हातपाय चालते आहेत तोवर देवाने न्यावं,” हे मी हजार वेळा ऐकलं असेल. भीती असते ती कुणाच्या तरी अंगावर पडण्याची. नवऱ्याच्या शेवटच्या आजारात आयसीयूचं बिल तिने पाहिलेलं असतं. मुलाने कर्ज काढलेलं तिला माहीत असतं. दुसरी भीती आणखी खोल असते. एका काकूंनी मला स्पष्ट सांगितलं, “आजार निघाला की हे लोक मला ओट्याशी उभं राहू देणार नाहीत. मग मी या घरात कोण?” आपलं घरातलं स्थान आपल्या कामावर टिकलेलं आहे, हे तिला पक्कं ठाऊक असतं. आजाराचं निदान म्हणजे तिला त्या स्थानावरून उतरण्याची नोटीस वाटते.

आणि पैसा. निवृत्तिवेतन असो वा मुदतठेवीचं व्याज, तो पैसा तिच्या मनात आधीच वाटून झालेला असतो. माझी आईही यातलीच. ती गेल्यावर तिच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक गोळी सुरीने अर्धी केलेली. महिन्याची पट्टी दोन महिने पुरवत होती ती. तिची मुलगी डॉक्टर होती, गोळ्या मी फुकट आणून दिल्या असत्या, तरीही. मी दर फोनला विचारत असे, “गोळी घेतेस ना?” ती म्हणायची, “घेते गं.” ती खोटं बोलत नव्हती. मी ‘एक की अर्धी’ असं कधी विचारलंच नाही.

आता आम्हा डॉक्टरांकडे वळते, कारण आमचा वाटा लहान नाही. म्हातारी बाई धीर करून येते आणि आम्ही म्हणतो, “आजी, वय झालं आता, चालायचंच.” गुडघे दुखतात, वय झालं. लघवी धरवत नाही, वय झालं. थकवा येतो, वय झालं. या एका वाक्याने आम्ही तिला पाच वर्षांसाठी परत पाठवतो. मीही पाठवलं आहे. एका मावशींना धाप लागत होती, मी ती वयावर आणि वजनावर ढकलली; हृदय कमजोर झाल्याचं निदान दुसरीकडे झालं, चार महिन्यांनी. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, म्हणून मी आज इथे बोलते आहे. आणि दुसरी खोड : तिच्याशी न बोलता तिच्या मुलाशी बोलायचं. ती समोर खुर्चीत बसलेली असते आणि आम्ही तिच्या डोक्यावरून विचारतो, “यांना झोप लागते का?” अशा खोलीत परत यावंसं तिला का वाटेल?

शहराचंही ऐका. उपनगरांत चांगली रुग्णालयं नाहीत असं नाही. घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अग्रवाल, अंधेरीकरांना कूपर, बोरिवलीकरांना भगवती आणि कांदिवलीचं शताब्दी. पण मोठ्या रुग्णालयाची ओपीडी मुख्यतः सकाळची. केस पेपर काढायला रांग, डॉक्टरांसाठी रांग, रक्तासाठी पुन्हा रांग. नेमक्या त्याच वेळात घरी नातवाची स्कूलबस, मुलाचा डबा, कामवाली आणि नळाचं पाणी. वाटेत रेल्वेचा पूल आणि त्याच्या पायऱ्या. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती मी बोलते : स्वच्छतागृह. जिला लघवी धरवत नाही, ती बाई बोरिवलीहून परळला जायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करते, आणि चार तास रांगेत उभी राहते. पुढच्या वेळी ती न जाण्याचं ठरवते, तेव्हा तिचं काय चुकलं?

त्यात पुनर्विकास आला. गिरगाव-दादर-लालबागच्या चाळींतून कितीतरी मराठी कुटुंबं उपनगरांत आली, तेव्हा चाळीची नजर मागे राहिली. गॅलरीत कपडे वाळत घालताना समोरची विचारायची, “काय गं, आज पाय ओढतेस?” फ्लॅटचं दार बंद असतं. आता तर जुन्या सोसायट्या पाडल्या जाताहेत, माणसं भाड्याने कुठेतरी लांब जाताहेत, आणि वीस वर्षं ओळखणारा तळमजल्यावरचा फॅमिली डॉक्टर सुटतो. नव्या ठिकाणी ‘तसं काही नाही’ कुणाला सांगायचं?

इतकं सांगून मी थांबले तर तुम्ही निराश होऊन घरी जाल, आणि तसं होण्याचं कारण नाही. कारण ही बाई येते. तिला जागा केली की ती नक्की येते, असं आपल्या शहराचा इतिहास सांगतो.

दीडशे वर्षांपूर्वीही असंच म्हणत, की बायका दवाखान्यात येतच नाहीत. इथून गाडीने जवळच्या कल्याणशी जिचं नातं, ती आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाली आणि तिचं बाळ दहा दिवसांत गेलं. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टर हव्यात हे तिने १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या जाहीर सभेत मांडलं, आणि अमेरिकेला जाऊन १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली. त्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय सुरू झालं, स्त्रियांसाठी आणि स्त्री-डॉक्टरांच्या हाती असलेलं. तिथे डॉ. एडिथ पीची होत्या, आणि ज्या रखमाबाईंनी नकोशा लग्नाविरुद्ध कोर्टात लढा दिला, त्यांनाही वैद्यकीच्या वाटेवर पीचींनी साथ दिली. रखमाबाई लंडनहून शिकून परत आल्या. या सगळ्यांनी एकच गोष्ट ओळखली होती. बायकांना उपचार नको असतात असं नाही. ज्या रीतीने ते समोर ठेवले जातात, ती रीत नको असते.

याचा आपल्या काळातला पुरावा तर आकड्यांत आहे, आणि तो मुंबईचा आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये एक फार मोठा प्रयोग केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका स्तनांची हाताने तपासणी करत, आणि गर्भाशयमुखाची तपासणी व्हिनेगरमधल्या आम्लाचा सौम्य द्रव लावून डोळ्यांनी करत. मोठं यंत्र नाही, मोठा खर्च नाही. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकून नीट प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. आणि तपासणी होती वस्तीतच. आधी ओळख करून घ्यायची, समजावून सांगायचं, मग बोलवायचं.

गर्भाशयमुखाच्या तपासणीला किती बायका आल्या असतील? ८९ टक्के. दहातल्या जवळजवळ नऊ. ‘बायका येतच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्तनांच्या तपासणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांच्या मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. पन्नाशीच्या पुढच्यांत मात्र स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे जिला आपण ‘आता या वयात कशाला’ म्हणतो, तिलाच सगळ्यात जास्त लाभ झाला. हे कशाने घडलं? बाईने आपल्या गल्लीत, आपल्या वेळेत, दुसऱ्या बाईच्या हातून तपासून घेतलं, आणि त्यासाठी तिला नातवाच्या खोकल्याचं निमित्त करावं लागलं नाही.

मग आपण काय करायचं? जे या सभागृहातून बाहेर पडल्यावर लगेच करता येईल, तेवढंच सांगते.

मैत्रिणींनो, काही दुखणी अंगावर काढायची नसतात, ती ऐकून ठेवा. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा एक थेंब जरी रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात दाखवायचं. स्तनात किंवा काखेत गाठ हाताला लागली, दुखत नसली तरी दाखवायची. दुखत नाही म्हणून साधी, असं नसतं. मिश्री किंवा तंबाखू लावणाऱ्यांच्या तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम किंवा चट्टा असेल, तर थांबायचं नाही. जिना चढताना नव्याने धाप लागते, जबड्यात, पाठीत, हातात कळ येते, घाम फुटतो, मळमळतं, तेव्हा ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिऊन झोपायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं. मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट बघायची गरज आता राहिलेली नाही. दिसायला अडचण होऊ लागली की डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायचं. अंग बाहेर येणं आणि लघवी सुटणं या दोन्हींवर उपाय आहेत, व्यायामापासून ऑपरेशनपर्यंत. ते भोग नव्हेत.

मुलांनो, सुनांनो, “आई, डॉक्टरकडे जा” असं म्हणू नका. तारीख ठरवा, कालनिर्णयवर तिच्या देखत लिहा, तुमची अर्धी रजा टाका, त्या दिवशीचा स्वयंपाक दुसऱ्या कुणी करायचा हे आदल्या दिवशी ठरवा, आणि तिच्यासोबत जा. डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर पाच मिनिटं बाहेर थांबा, तिला एकटीला बोलू द्या. सकाळ जमत नसेल तर २०२२ पासून पालिकेने सुरू केलेले ‘आपला दवाखाना’ संध्याकाळीही उघडे असतात, निदान सुरुवात तिथे करा. आणि ‘गोळी घेतेस ना’ असं विचारू नका. डबा उघडून बघा.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढंच सांगते, की दाराशी वळलेल्या बाईला पुन्हा खुर्चीत बसवा. खरा आजार पुष्कळदा ‘तसं काही नाही’च्या पाठोपाठच येतो.

आता बाईंच्या हजेरीकडे परत येते. माझ्या दवाखान्याजवळ एक भजनी मंडळ आहे, मंगळवारी दुपारी जमतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या एकजणी तीन मंगळवार आल्या नाहीत. विचारलं तर फोनवर म्हणाल्या, “तसं काही नाही, जरा कंबर धरली आहे.” मंडळातल्या दोघी बाईंच्या विद्यार्थिनी. त्यांनी फोनवर भागवलं नाही. टाळ पिशवीत टाकून त्या तिच्या घरी गेल्या, चहा होईपर्यंत तिच्याजवळ बसल्या, आणि उठताना तिला साडी बदलायला लावून थेट माझ्याकडे घेऊन आल्या. पाठीचा मणका दबला होता, हाडं ठिसूळ झाली होती. वेळेत कळलं, औषध सुरू झालं. पावसाळ्यानंतर त्या पुन्हा भजनाला बसू लागल्या. त्या दिवसापासून मंडळाने एक रीत ठेवली आहे. भजन सुरू करण्याआधी वहीत हजेरी होते. सलग दोन मंगळवार न आलेलीच्या घरी तिसऱ्या मंगळवारी दोघी जातात.

आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, हळदीकुंकवाचे समारंभ आहेत, भिशी आहे, सकाळी बागेत फिरणाऱ्यांचे गट आहेत. यांतल्या प्रत्येक ठिकाणी एक वही ठेवता येईल. माझ्या आईच्या सोसायटीत अशी एखादी वही असती आणि कुणीतरी तिच्या घरी जाऊन तिच्यासमोर डबा उघडला असता, तर अर्ध्या गोळ्या कुणाच्या तरी नजरेला पडल्या असत्या.

बाईंच्या शाळेचे वर्ग आता ओस पडत चालले आहेत, हे आपण सगळे जाणतो. पण त्यांचं हजेरीपुस्तक बंद करायचं कारण नाही. आज घरी जाताना प्रत्येकीने एवढंच आठवा, की अलीकडे कोण दिसली नाही. आणि उद्या संध्याकाळी तिच्या घरी जाऊन या.